लाल म्हटलेला काठ

प्रिय धर्मेंद्र,

आईचं पत्र आलं म्हणून घाबरू नको. घरात सगळे जिवंत आहेत, कुणी अंथरुणाला खिळलेलं नाही. सूनबाईलाही, शुभांगीला, हे आधी सांग, नाहीतर पाकीट पाहूनच ती रडायला बसेल. फोन केला असता, पण गल्लीत फोन एकट्या सुशीलाबाईंकडे, आणि तोही त्यांच्या ओसरीत. तिथं मी बोलायचं आणि सगळ्या आंधळगावाने ऐकायचं. शिवाय हे तोंडाने बोलता येण्यासारखं असतं तर मी केव्हाच बोलून मोकळी झाले असते. दामिनीचं लग्न वैशाखात झालं. आता पोळाही होऊन गेला. तरी त्या सकाळची आठवण आली की हातातलं भांडं हातातच राहतं आणि मी चुलीकडे नुसती बघत बसते.

लग्न छान झालं एवढंच तुला ठाऊक असेल. तुला ते लोकांकडून कळावं याचंही मला वाईट वाटतं. बाप बोलवेल तेव्हाच येईन म्हणून तू वरठीत बसलास, आणि येईल तर त्याच्या पायाने येईल म्हणून तुझे बाबा इथं बसले. मधे किती अंतर? मोटारसायकलवर बसलास तर चहा निवायच्या आत पोचशील. पण तुम्ही दोघं असे बसलात की मधे जणू वैनगंगेला पूर आला आहे. एकुलती एक बहीण सासरी गेली आणि मांडवात तिचा भाऊ नव्हता. पाहुण्यांना मी सांगत होते, कारखान्यात सुट्टी मिळाली नाही. ते मान हलवत होते आणि एकालाही खरं वाटत नव्हतं. ते असो. भांडायला पत्र लिहायला घेतलं नाही.

आपल्या घरची रीत तुला माहीतच आहे. लेकीच्या लग्नाची साडी बाप एकटा विणतो. ताण्याच्या पहिल्या धाग्यापासून शेवटच्या गाठीपर्यंत दुसऱ्याचा हात लागत नाही, आणि मांडवाच्या सकाळी देवापुढे घडी उलगडेपर्यंत घरातलं कुणी ती बघत नाही. दृष्ट लागते म्हणायचे तुझे आजोबा. एरवी करवतीसारख्या दातांच्या या करवती काठाला माणसं दोन लागतात, एक या बाजूला, एक त्या बाजूला. सूत नेणारे तीन धोटे एकट्याने फिरवायचे म्हणजे जीव निघतो. समोरच्या जागेवर इतकी वर्षं तू बसायचास. तू गेल्यावर मी बसू लागले. पण दामिनीच्या साडीला त्यांनी मलाही उठवलं. होळीनंतर मागघराचं, मागाच्या त्या खोलीचं, दार लागलं ते लागलंच. धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरायचं काम जन्मभर माझं, तेही त्यांनी स्वतःच केलं. जेवायला बाहेर यायचे तेव्हा चेहरा असा खुललेला असायचा की मला मनातून बरं वाटायचं. म्हटलं, पोराच्या रागातून माणूस जरा बाहेर आला.

डोळ्यांचं मला ठाऊक नव्हतं असं नाही. चहा बशीत ओतताना निम्मा बाहेर जायचा. दारात कुणी उभं राहिलं की आधी खोकायचे, समोरचा बोलेपर्यंत वाट बघायचे, आणि आवाज ओळखला की मग एकदम नाव घेऊन हाक मारायचे, जणू लांबूनच बघितलं होतं. दिवस मावळला की बाहेर पडणं बंद. मी एकदा म्हटलं, भंडाऱ्याला जाऊन डोळे दाखवून येऊ. ताट सरकवून उठले. म्हणाले, "तू बी पोराचीच भाषा बोलून राहिली?" त्यानंतर मी तो विषय काढला नाही. तुझ्यावर काय बेतलं ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. नागपूरच्या व्यापाऱ्यासमोर तू बोललास, बाबा, डावीकडच्या काठाचे दात चुकले, डोळे दाखवून या. जिल्हा तुटला त्या वर्षीची गोष्ट. तिकडे गोंदिया वेगळं झालं आणि इकडे आपलं घर. तुझं बोलणं खोटं नव्हतं रे. पण या मोहाडी तालुक्यात टेकचंदचा काठ म्हटलं की लोक किंमत विचारत नाहीत, आणि त्या माणसाला त्याच्याच पोराने परक्यासमोर आंधळा म्हटलं. "माह्या मागावर तुयी सावली नाई पडली पाह्यजे," हे वाक्य तू ऐकलंस आणि गेलास. मी ते वाक्य तेव्हापासून रोज ऐकते.

तर मांडवाची सकाळ. ओसरी माणसांनी भरलेली. गल्लीतले पुंडलिकराव आले होते, सुशीलाबाई होत्या, माझ्या माहेरची सगळी होती. हळदीचा वास, पोरांची पळापळ. तुझे बाबा आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून मागघरातून घडी घेऊन आले. देवापुढे ठेवली, कुंकू वाहिलं, आणि पदराचं टोक स्वतःच्या हातात धरून बाकीची साडी त्यांनी ओसरीभर सोडली. दोन पोरींनी दुसरं टोक पकडलं. कोशाच्या रेशमाचं ते मधासारखं अंग उन्हात असं चमकलं की सगळ्यांच्या तोंडून एकदम आवाज निघाला, आणि तो तिथंच तुटला.

काठ काळा होता, धर्मेंद्र.

गर्द लाल नव्हे, मरून नव्हे. काळा. दोन्ही बाजूंनी, पदरापर्यंत, काजळासारखा काळा. आणि काय वीण होती! करवतीचा एकेक दात असा बसलेला की बोट फिरवलं तर टोचेल. एक दात चुकला नव्हता. जन्मात त्यांनी विणलं नसेल असं त्यांनी विणलं होतं, आणि ते नवरीसाठी काळं विणलं होतं. सुशीलाबाईंनी पदर तोंडात धरला. पोरंसुद्धा गप्प झाली. आणि ते उभे. मान किंचित तिरपी, कान आमच्याकडे, ओठांवर हसू. वाहवा ऐकायला थांबलेला माणूस कसा उभा राहतो, तसे. ती आली नाही तेव्हा म्हणाले, "काहून चूप झाले सारे? लाल कसा उतरला, बोला ना गा कोनी!"

माझा नवरा भर ओसरीत काळ्या काठाला लाल म्हणत होता, आणि मी खांबाला धरून उभी होते. पुढे झाली ती दामिनी. हळदीच्या अंगाने उठली, साडीचा काठ दोन्ही हातांत घेतला, डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "बाबा, असा लाल तर म्या कधी पाह्यलाच नाई." आवाज जरासुद्धा हलला नाही. त्यावर पुंडलिकराव खाकरले आणि म्हणाले, "टेकचंदभाऊ, तुमचा हात म्हनजे हातच." मग एकेक जण बोलू लागला. लाल, लाल, काय लाल. सगळी ओसरी लाल म्हणत होती आणि समोर काळं पसरलेलं होतं. मी असं कधी बघितलं नव्हतं. देवळातल्या मूर्तीला घाम फुटला असता तरी मी इतकी हादरले नसते.

नंतर मी मागघरात गेले. लाल लड्या खुंटीवर जशाच्या तशा होत्या. रंगाऱ्याने बांधलेली सुतळीसुद्धा सुटली नव्हती. शेजारच्या खुंटीवर व्यापाऱ्याच्या मालासाठी आणलेला काळा होता, तो संपलेला. दोन खुंट्यांमध्ये हातभर जागा नाही. एकदा, नुसतं एकदा दार उघडून विचारलं असतं, शोभा, लाल कोणता? पण विचारायचं म्हणजे दिसत नाही हे म्हणायचं.

मी दामिनीला म्हटलं, पेटीत दुसरी साडी आहे, ती नेस. ती म्हणाली, आई, लग्न लागताना बाबा पदराचं टोक हातात घेतील. त्यांच्या बोटांना लगेच कळेल हे त्यांचं नाही. आणि ते खरंच होतं. डोळ्यांना काळं-लाल कळत नाही, पण स्वतःचं सूत त्यांना हजारात कळतं. म्हणून आपली पोर काळ्या काठाची साडी नेसून बोहल्यावर चढली. वरून पिवळा शेला होता, तो किती झाकणार? कोंढ्याहून वऱ्हाड आलं. ती धान पिकवणारी, रीतीभातीची माणसं. जावई अंकुश बोलला काही नाही, पण त्याच्या काकांची नजर दामिनीच्या पायांकडे गेली आणि ते तसेच मांडवाबाहेर निघाले. जेवलेसुद्धा नाहीत. विहीण निर्मलाबाई माझा हात धरून मला बाजूला घेऊन गेल्या. दात-ओठ खाऊन म्हणाल्या, "हे काय व्हय, विहीणबाई? आमच्या पोराचं लगन व्हय का काय व्हय?" मी हात जोडले. मी फक्त तुझ्या बाबांकडे बोट केलं. ते तेव्हा मांडवाचा खांब चाचपत होते. खांब हाताला लागला तसे त्याला टेकून असे उभे राहिले की सहज टेकले. निर्मलाबाईंनी ते पाहिलं. मग माझा हात सोडला, डोक्यावरचा पदर नीट केला आणि मांडवात जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "लाल काठ शोभते व आमच्या सुनेले." त्या बाईच्या पायांवर मी डोकं ठेवणार होते, तिने ठेवू दिलं नाही.

तुला वाटेल, झालं, निभावलं. मलाही तेच वाटलं होतं. पोर सुखात आहे, सासूने जीव लावला आहे, पहिल्या खेपेला आली तेव्हा अंगाने भरलेली दिसली. पण खरा धक्का पुढेच होता.

तुझे बाबा दुसऱ्या दिवसापासून बदलले. ताठ चालू लागले. चौकात जाऊन बसायचे आणि साडीची गोष्ट सांगायचे. सांगताना शेवटी प्रत्येक वेळी तुझं नाव. "पोरगा म्हने, बाबा, तुमचे डोये गेले. डोये गेलेल्या मानसाले असा लाल उतरवता येते काय?" लोक हो म्हणायचे. दुसरं काय म्हणणार? सगळे त्या ओसरीत होते, सगळ्यांनी एकदा लाल म्हटलेलं होतं. मी घरात बसून ते ऐकायची. आम्ही त्यांची लाज राखायला म्हणून बोललो, आणि त्याच बोलण्याने ते माझ्या पोराला खोटं पाडत होते. भर गावात, रोज. एवढी छाती फुगवून मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, आणि एवढं एकटंही.

श्रावणात शाळेत डोळ्यांचं शिबिर भरलं. आपण होऊन जायचे नाहीत हे उघडच होतं. मग मी एक डाव केला. शिबिरवाल्यांना गाठून सांगितलं, नारळ फोडायला टेकचंदरावांना बोलवा, मोठा मान होईल. गेले ना ऐटीत, फेटा बांधून! नारळ फोडला, हार घालून घेतला. डॉक्टरीणबाई हुशार होती. साहेब, तुमच्यापासूनच सुरुवात करते, फोटो काढायचा आहे, म्हणत तिने डोळ्यांत उजेड टाकून पाहून घेतलं. मला नंतर बाजूला बोलावलं. उजवा डोळा गेला आहे, म्हणाली. काचबिंदू. तो आता परत येत नाही. डाव्यातही शिरला आहे, वर मोतीबिंदू आहे. लवकर नागपूरला नेऊन ऑपरेशन केलं तर आहे तेवढं वाचेल. दिवाळीपर्यंत थांबलात तर तेही जाईल. मी शाळेच्या पायरीवर बसले. आणि तिकडे हे गळ्यातला हार चाचपत हसत होते.

घरी आल्यावर जीव मुठीत धरून बोलले. डॉक्टरीण असं असं म्हणाली. ते चिडलेही नाहीत. हसले. "अवो, ते डॉक्टरीन मले वयखत नाई. माह्या पोरीचा काठ पाह्यला असता त असी नसती बोलली." आमच्याच तोंडचं खोटं त्यांनी माझ्यापुढे ठेवलं होतं. दामिनी आली तेव्हा तिनेही बाबांचे पाय धरले. तिलाही तेच उत्तर, तूच तर म्हनली ना, असा लाल कधी पाह्यला नाई. पोर न्हाणीघरात जाऊन रडली.

आणि आता पुंडलिकरावांच्या लेकीचं लग्न ठरलं आहे, तुळशीचं लग्न झालं की लगेच. तुझ्या बाबांनी चौकात जाहीर करून टाकलं की तिची साडी मीच विणणार. टेकचंदचा लाल काठ. पुंडलिकरावांचा चेहरा मी पाहिला. नको म्हणायची सोय नाही, कारण पहिल्यांदा वाहवा त्यांनीच केली होती. ते मला येऊन भेटले, म्हणाले, "वहिनी, आपल्या घरातलं झाकलं त झाकलं. पन माह्या पोरीचे सासरवाले कोनाचे?" मागघराचं दार पुन्हा लागलं आहे. काल ते मारुतीला गेले तेव्हा मी रीत मोडली. दार लोटून आत गेले आणि मागावर टाकलेलं फडकं उचललं. एक काठ लाल आहे, धर्मेंद्र. आणि दुसरा काळा. एकाच साडीला. मी फडकं तसंच टाकलं आणि बाहेर येऊन उंबऱ्यावर बसले. ते परत आले, माझ्या अंगावरून आत गेले, मी तिथं बसले आहे हे त्यांना कळलंही नाही. थोड्या वेळाने आतून मागाचा आवाज येऊ लागला, आणि ते गुणगुणत होते.

म्हणून हे पत्र. तू समेट करायला ये असं मी म्हणत नाही. पाया पडायला येऊ नको, सुनेला पुढे करून रडायला येऊ नको, आणि बोलावणं येईल म्हणून वाट बघू नको, ते येणार नाही. तू ये आणि त्यांना सांग की दामिनीच्या साडीचा काठ काळा होता. एवढंच. आम्हाला ते आता सांगता येत नाही. मी सांगितलं, दामिनीने सांगितलं, गावाने सांगितलं, तर त्यांना कळेल की त्या सकाळी आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांची कीव केली, आणि त्या माणसाला ते सोसणार नाही. तुझा राग येईल, खूप येईल. येऊ दे. रागावलेला माणूस निदान खरं करायला म्हणून त्या डॉक्टरणीपुढे जाऊन बसेल, दाखवून देतो म्हणेल. या घरात त्यांच्याशी खोटं न बोललेला तू एकटाच उरला आहेस. मागघराच्या दारात उभा राहा आणि बोल. शिव्या देतील. हातातला धोटा फेकून मारतील. भिऊ नको, लागणार नाही. तू कुठे उभा आहेस, तेच त्यांना दिसत नाही.

तुझीच,
वाटेकडे डोळे लावून बसलेली
आई